धुरपता उर्फ मैत्रेयी

१ मार्च २००४, सोमवार. वसमत.
चि. अनिरुद्धचे जाड पाकीट आले. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्याचे त्याने जानेवारीत फोनवर कळवले होते. आता आम्हा उभयतांना तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना, ते ग्रीन कार्ड, काढून देण्याची त्याला घाई झाली आहे. अर्ज, कागदपत्रांची यादी, दीड पानाचे पत्र. पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका. हा मुलगा दहावीपर्यंत माझ्याच शाळेत, माझ्याच हाताखाली शिकला.
बापाने कुठे मरावे हे मुलगा ठरवतो, आणि ‘तुम्ही फक्त सह्या करा’ असे लिहितो.

३ मार्च, बुधवार.
सौ.ला स्पष्ट सांगितले. पाहुणा म्हणून जाईन. बिऱ्हाड घेऊन जाणार नाही. १९९९ साली व्हिजिटर व्हिसावर गेलो होतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार म्हणून विचारले. नव्वद म्हणालो, आणि नव्वदाव्या दिवशी परतीच्या विमानात बसलो. ज्याला परतीची तारीख असते त्याला चहा विचारून देतात. कायमचा झालेला बाप नातवंडाचे दप्तर धरून शाळेच्या बसची वाट पाहतो.
सौ. गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी जा की पाहुणे म्हणून. मला न्हाई पाहुणी व्हायचं.”
चाळीस वर्षांत ‘तुमी’ सुधारले नाही.

७ मार्च, रविवार.
चि.चा साप्ताहिक फोन. गेल्या वर्षी सौ. एकटीच सहा महिने तिकडे राहून आली. नात रेवा पाच वर्षांची. तिचे सगळे मराठी त्या सहा महिन्यांतले. आज फोनवर म्हणाली, “आज्जी, तू काहून येऊन न्हाई राहिली?” सौ. हसली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.
हा ‘काहून’ या घरातून घालवायला मला वीस वर्षे लागली. तो समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे कायम वास्तव्याला बसला.
चि.ला म्हटले, आईसाठी पुन्हा व्हिजिटरच काढ. त्याचे उत्तर: सहा महिने झाले की आईला परत पाठवावे लागते, मग रेवा आठवडाभर नीट जेवत नाही. शिवाय कायमचा अर्ज एकदा दाखल केला की पाहुणा म्हणून येतो हे कोणी सहजासहजी खरे मानत नाही. दोन्हींपैकी एकच. माझ्याशी ‘दोन्हींपैकी एक’ या भाषेत बोलणारा हा पहिलाच.

९ मार्च, मंगळवार.
माझा अर्ज करू नकोस, असे चि.ला कळवले. आता प्रश्न फक्त सौ.चा.
यादीतला पहिला कागद: चि.चा जन्मदाखला, आईच्या नावासह. सौ. पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कुरुंद्याला होती. नोंद सासऱ्यांनी तिथल्या ग्रा.पं.त केलेली. दाखला आज हाती आला. आईचे नाव: धुरपता. पासपोर्टवर: मैत्रेयी.
नाव मी बदलले. लग्नात ताटभर तांदूळ पसरून अंगठीने त्यात मीच लिहिले. संस्कृतात विद्यापीठात पहिल्या आलेल्या माणसाने धुरपता म्हणून हाक मारायची? तिला विचारले नव्हते. नवरीला कोणीच विचारत नसे. सासऱ्यांना ‘मैत्रेयी’ उच्चारता येईना, म्हणून त्यांनी नातवाच्या नोंदीत जुनेच ठोकून दिले. त्या अडाणी हट्टाची फळे आज भोगतो आहे.

११ मार्च, गुरुवार.
चि.च्या वकिलाचा निरोप: दोन शपथपत्रे हवीत. एक माहेरच्या माणसाचे; दुसरे, ज्याने नाव बदलले त्याचे. म्हणजे माझे. माझ्या सहीशिवाय सौ.चा अर्ज पुढे सरकणार नाही.
हे ऐकून बरे वाटले. रोजनिशीत खोटे लिहीत नाही.

१४ मार्च, रविवार.
एस.टी.ने कुरुंदा. मेव्हणा किसन हळद शिजवत होता. कढईची वाफ, धूर, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. मला खाट टाकली. त्याच्या शपथपत्राचा मसुदा मीच तयार करून नेला होता. वाचून दाखवला: ‘पूर्वी धुरपता या नावाने ओळखली जाणारी माझी बहीण...’
किसन म्हणाला, “दाजी, पूर्वी काहून लिवलं? आमी तर आताबी धुरपताच म्हणून राहिलो.”
ही कायद्याची भाषा आहे, असे मी समजावले.
“अक्का हितं आली की तुमचं ते नाव चपलीसंगं उंबऱ्याभाईर काढून ठिवती. जाताना घालून जाती. इचारा तिला.”
हळद ओतणाऱ्या बाया तोंडे फिरवून हसल्या. मी ‘पूर्वी’ खोडला. परतीच्या गाडीत सदऱ्याला हळदीचा वास येत होता. घरी येताच तो धुवायला टाकला.

१६ मार्च, मंगळवार.
किसन वसमतला येऊन नोटरीपुढे सही करून गेला. अक्षर कोंबडीच्या पायांसारखे, पण एका मिनिटात काम झाले.

२२ मार्च, सोमवार.
सौ.ने विचारले, माझा कागद कधी. शब्दरचनेचा अजून विचार करतो आहे, म्हणालो.
“नाव ठिवताना एवढा इचार न्हाई केला.”
मी वर्तमानपत्र उघडले. ती उभीच राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “त्या लेकराला मी पाहिजे. तुमाला तर सगळं येतं.”
मला स्वयंपाक येत नाही, हे तिला माहीत आहे. पण ती त्याबद्दल बोलत नव्हती. मी एकटा कसा राहीन हे मी विचारले नाही. तिनेही ते काढले नाही.

२९ मार्च, सोमवार.
तहसीलबाहेरच्या टंकलेखकाकडून मसुदा चौथ्यांदा बदलून घेतला. तो म्हणाला, सर, लोक न वाचता सही करतात. लोक करत असतील.

५ एप्रिल, सोमवार.
मसुदा निर्दोष झाला. नोटरी उद्या अकरा वाजता. शेवटचे कलम: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून मी तिला व्यक्तिशः ओळखतो, हे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे.’
संध्याकाळी किसन बायकोसह आला. मी बाहेरच्या खोलीत, ते आत. सौ. त्यांना काहीतरी सांगत होती, भराभरा, कुरुंद्याच्या बोलीत. मध्येच आवाज जाड करून कोणाची तरी नक्कल: “नव्वद दिवस! एक्क्याण्णव नाही!” किसन ठसका लागेपर्यंत हसला. ती माझीच नक्कल होती आणि, मान्य करायला हवे, हुबेहूब होती. ही नक्कल करते हे मला ठाऊक नव्हते. असा आवाज या घरात कधी ऐकला नव्हता.
पेन उघडून पुन्हा ते कलम वाचले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत न तपासलेल्या विधानाखाली मी सही केली नाही. मैत्रेयीला ओळखतो. तिच्यापुरती सही आत्ता करीन.
दुसरीला एकदा हाक मारून पाहावी असे वाटले. मारली. चाळीस वर्षांत प्रथमच, त्या नावाने.
आतले हसणे थांबले.
“कोण हाय?” तिने आतून विचारले.
अजून उत्तर दिलेले नाही. कागद समोर आहे.