भेटीचं ठिकाण कोणाच्या घरी?

तीर्थरूप ओसेई मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग काम विचारावं ही आपली रीत. पत्रही पाहुणाच, तेव्हा ग्लासभर पाणी पिऊन मगच पुढे वाचा. गुडघा कसा आहे? कुमासीच्या डॉक्टरने दिलेली काठी टेकता, की अजून तिने कोंबड्याच हाकलता? इकडे सगळे खुशाल (एक मी सोडून, ते ओघाने येईलच).

आपल्या गावच्या राणीआईंच्या अंत्यविधीला मैदान पुरणार नाही म्हणून गावभर आठ पडदे लावायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पंख्यांच्या मोटारी गुंडाळण्यात अर्धं आयुष्य गेलं, राउटर मी चुकतमाकत शिकलो. हे जमलं तर गावच्या इंटरनेटची सगळी जोडणी माझी, फसलं तर पुन्हा पंखे.

यात मल्टिकास्ट म्हणून प्रकार असतो. कॅमेऱ्याने चित्र एकदाच सोडायचं आणि ज्या पडद्याला हवं त्याने मागून घ्यायचं. देणारा आणि मागणारे यांची गाठ पडावी म्हणून एक राउटर भेटीचं ठिकाण ठरवतात आणि बाकी सगळ्यांच्या सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता घालतात. एकाचाच, मामा. पण पूर्वेच्या वस्तीचे मानकरी द्वोमोआजोबा म्हणाले, ठिकाण माझ्या घरी. पश्चिमेचे आम्पोफोआजोबा म्हणाले, मग मी काय मेलोय? (सभेत नमस्कार उजवीकडून सुरू होतो म्हणून उजव्या खुर्चीसाठी तासभर आधी येऊन बसणारी ही माणसं.) मी आपला दोघांचा मान राखला, दोघांच्याही घरी एकेक राउटर बसवला. पूर्वेच्या चार पडद्यांच्या राउटरांना द्वोमोंचा पत्ता दिला, पश्चिमेच्या चारांना आम्पोफोंचा.

मैदान पूर्वेला, त्यामुळे चित्र गेलं द्वोमोंकडे आणि पश्चिमेचे पडदे आम्पोफोंच्या दारात तिष्ठत राहिले, काळे ठिक्कर. पण तिकडे कोणी हूं की चूं केलं नाही. अंत्यविधीला सगळेच काळ्या कपड्यांत, त्यात एक म्हातारी म्हणाली, “बघा गं, पडदासुद्धा काळं नेसून आलाय.” झालं, चाळीस मिनिटं लोक त्या पडद्यापुढे हमसून रडले. पुढे पूर्वेकडून ताडी पिऊन आलेल्या एका जावयाने तिकडच्या पडद्यावरचा नाच वर्णन करून सांगितला, तेव्हा आम्पोफोआजोबांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, “बोआतेंग, राणीआईंना माझ्या अंगणात यायची लाज वाटली का रे?”

आता एकाला निवडलं तर दुसरा जन्माचा वैरी. मी तिसरा राउटर सेरवाबाईंच्या फुफूच्या खानावळीत, मडक्यांमागे ठेवला आणि आठही ठिकाणी तोच पत्ता घातला. चित्र सगळीकडे लख्ख आलं. दोन्ही आजोबांकडचे डबे मात्र हिरवा दिवा लावून तसेच ठेवले. दोघेही आल्यागेल्याला दाखवतात.

आपला,
बोआतेंग

ता. क. हे पत्र कोणाला दाखवू नका.

ता. क. दुसरा : दाखवलंत तरी चालेल. सेरवाबाईंनी दारावर पाटी रंगवून घेतली आहे : ‘राणीआईंचं भेटीचं ठिकाण. फुफू गरम मिळेल.’

ता. क. तिसरा : ती पाटी वाचून दोघांनी मला गुरुवारी सभेपुढे बोलावलं आहे. माझ्या वतीने माफी मागायला तुम्हीच या. मी मागायची तर आधी कोणाकडे वळू? तुम्ही सभेत कायम डोळे मिटूनच बोलता.