कडूकंदाचा पहिला घास

दिल्ली, २ डिसेंबर

आये,

तुझ्या पायाला हात लावून रोहिणी लिहिते. किशोर, आयेला सावकाश वाचून दाखव, मधलं काय गाळू नको.

मी बरी हाय. थंडी लय हाय, पण तुझी गोधडी पुरते. परवा मला विज्ञान अकादमीत सभासद करून घेतलं. देशातले नावाजलेले शास्त्रज्ञ असतात तिथं. जाड वहीत सही करायची होती. सही वाकडी आली.

सभासदांनी लोकांच्या उपयोगाचं कामही करायचं असतं. रानातल्या खाण्यावर सरकारसाठी पुस्तिका करतायत, त्यात मला घेतलंय. मी आपला कडूकंद सांगितला. कच्चा विषारी, म्हणून चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग पाटीत भरून रातभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सांगताना तुझ्या चुलीचा धूर नाकात आला बघ.

एका म्हाताऱ्या सरांनी विचारलं, "विष गेलं, हे घरात कळतं कसं?"

मी म्हटलं, "आधी आई खाते." आन् बोलता बोलता तवाच मला उमगलं.

तू एकटी खायचीस आन् आमाला किती वेळ नुसतं बसवून ठेवायचीस. किशोर रडायचा. मी म्हणायची, आये हावरट हाय. तू नुसती हसायचीस गं.

गुडघा कसा हाय? ओढ्यावर एकटी जाऊ नको. पुढल्या महिन्यात मी येते, तवा कडूकंद कर. या खेपेला पहिला घास मी खाणार. तू बसून राहायचंस.

तुझीच,
रोहिणी