आईची पेन्सिलीतली ओळ

माननीय निवड समिती प्रमुख बाई,

मुलाखतीत तुम्ही वाळवलेली फांदी लावलेला माझा कागद हातात धरून म्हणालात, "झाडाच्या नावाखाली 'खात्री नाही, पुन्हा बघणे' असं लिहायला धाडस लागतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांवर संशोधन करायला अशीच मुलं हवीत." मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला आणि मला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली.

बाई, ती ओळ माझी नाही. माझी आई शिवणकाम करते. ती फांदी कागदावर दोऱ्यानं तिनंच टाचून दिली होती. गिऱ्हाइकाच्या मापाची शंका आली की ती पेन्सिलीनं हेच लिहिते, तसंच माझ्या कागदावरही लिहिलं. "फांदीवरच्या दोन पानांचे काठ जुळत नव्हते गं," नंतर मला म्हणाली. मी मात्र नाव शाईनं ठोकून दिलं होतं!

त्याच झाडाचं रोप मी इथे, तुमच्या संशोधन संस्थेत, आणलं. काल काचघरात त्याला फूल आलं आणि मी दिलेलं नाव साफ चुकल्याचं कळलं. इतकं हसू आलं की माळीकाका बघायला आले. मी नवं नाव लिहिलं, पेन्सिलीनं.

आता हे पत्र तुम्हाला पाठवावं का? खात्री नाही, पुन्हा बघणे.

तुमच्या कृपेनं मजेत असलेली,
शिंपीणबाईंची लेक