एका बोटाने लागणारं दार

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिन्याशी जुळवून घेतोय का? काकांचा खोकला थांबला असेलच. नसेल तर त्यांना बोलू देऊ नकोस (तसंही तू देत नाहीस, असं बाबा म्हणतात, मी नाही).

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी गाडीही खुशाल आहे, फक्त एकसंध नाही. ते सविस्तर लिहिते.

टेम्पोच्या धडकेने दोन दारांमधला पिलर आत गेला होता, हे तुला माहीतच आहे. बाबांनी आपल्या गॅरेजमध्ये तो गॅसच्या ज्योतीने लालभडक तापवला, ठोकून सरळ केला आणि आपल्या घराण्याची परीक्षा घेतली: दार एका बोटाने लागलं की गाडी पास. (मला मुळाक्षरांच्या आधी हेच शिकवलं गेलं.) दार अलगद लागलं. आईने चहा टाकला. मी मात्र कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक घेऊन उभी. त्यात स्वच्छ लिहिलंय, की या पिलरचं पोलाद कारखान्यातच तापवून, झटकन थंड करून कडक केलेलं असतं. पुन्हा तापवलं की मऊ पडतं. तो सरळ करायचाच नाही, सांगितलेल्या ठिकाणी कापून नवा बसवायचा. मी म्हटलं, "बाबा, दिसतोय सरळ, पण पुन्हा धडक बसली तर दुमडेल." ते म्हणाले, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून गाड्या सरळ करतोय. दार लागतंय ना?" मी म्हटलं, "लागतंय, पण आत आत्या बसणार आहे." त्यावर, पुस्तक जेवणार नसेल तर तू तरी चल, असं म्हणून ते घरात गेले.

बाबांचा मान राखावा की तुझ्या बरगड्या, हे ठरेना. शेवटी ते जेवून आडवे झाल्यावर मी बॅटरी सोडवली, मागचं दार उतरवलं, छताला टेकू दिला आणि पुस्तकातल्या खुणेवर करवत लावली. (परवानगी मागितली होती. पण हळू आवाजात, आणि ते घोरत होते.) पिलर खाली आदळला तसे बाबा धावत आले. त्यांनी भगदाड बघितलं. मग सवयीने पुढचं दार एका बोटाने ढकललं. ते कशात अडकणार? मुकाट्याने परत उघडलं.

तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. "तिला म्हणावं, पाना दे," असं ते माझ्याकडे पाठ करून म्हणतात, आई स्वयंपाकघरातून तेच ओरडते, आणि मग मी पाना देते. नवा पिलर मागवलाय. तोवर गाडी मागू नकोस, ही विनंती.

तुझी भाची

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांना फोन करून सांग, की पिलर कापायला तूच मला सांगितलं होतंस. थोरल्या बहिणीपुढे ते चकार शब्द काढत नाहीत. (हे खोटं आहे, याची मला कल्पना आहे. पाप माझ्या माथी.)

ता. क. २. फोन करू नकोस. पाकिटावर पत्ता घालायला पत्र बाबांना दिलं, ते त्यांनी वाचलं. मग पुस्तक मागितलं, थेट माझ्याकडे. चष्मा लावून ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. म्हणाले, "करवत आण. ताईने मागे गाडी फाटकावर घातली होती, तेव्हा या बाजूचा पिलरही मी असाच तापवला होता." मी म्हटलं, "आधी तो बसू दे, मग हा. एका वेळी एकच बाजू." "बरं," म्हणाले. मला बाबा "बरं" म्हणाले, आत्या!

दुसरा पिलरही मागवलाय. फाटकाचं काकांना ठाऊक नसेल, तर एवढं पान फाडून टाक.