मिंडाचं खोकं आणि माझी फाइल

४ मार्च, सोमवार
पत्र आलं. मिंडाच्या ग्रीन कार्डची मुलाखत ९ एप्रिलला, सकाळी ९.२०, सॅक्रामेंटो. नवऱ्याने सोबत यावं, असं स्वच्छ छापलंय. म्हणजे तिला माझ्यासोबत यावंच लागणार.

सहा आठवडे झाले, ती मामेबहिणीकडे, जोवेलिनकडे, विश्रांतीला गेली आहे. वृद्धाश्रमातल्या पाळ्यांनी थकली होती. 'मी तुझ्या अर्जावरची सही मागे घेतली तर तू पुढच्या विमानात' हे मी गमतीत म्हणायचो. चार-पाच वेळा म्हटलं असेल. जानेवारीत पाहुण्यांसमोर म्हटलं तेव्हा कोणी हसलं नाही, हे मान्य.

माहेरी पाठवायच्या सामानाचं तिचं खोकं कोपऱ्यात अर्धं भरलेलं आहे. फिलिपिन्सला, इलोइलोत तिच्या आईकडे, जहाजाने जायचं. आमच्याकडची बाई नवरा टाकेल, अर्धं खोकं टाकणार नाही. काळजीचं कारण नाही.

६ मार्च
जोवेलिनला फोन केला, तारीख सांगितली. म्हणाली, सांगते तिला, कुया. कुया म्हणजे दादा, मान देते मला. मी म्हटलं, तिलाच दे फोन. म्हणाली, आंघोळ करतेय. रविवारी सकाळी आंघोळच करत होती. आज दुपारी तीन वाजताही. स्वच्छ बाई आहे. अधिकाऱ्याला सांगण्यासारखा मुद्दा.

१० मार्च, रविवार
लग्न खरं असल्याच्या पुराव्यासाठी जुने फोटो घेऊन बसलो. एकूण ५३. अडतीस फोटोंत माझा ट्रक आहे. नऊंत मी माइक धरून गातोय. मिंडा सहांत. त्यातल्या दोनांत तिचा नुसता हात, ताट पुढे करताना. पण बाकीचे फोटो काढले कोणी? तिनेच. हुशार अधिकाऱ्याच्या लक्षात येईल.

संकल्प: मुलाखत झाली की तिचा एक फोटो काढायचा. ट्रकशिवाय.

१४ मार्च
गोदामातला बेनेडिक्टो या परीक्षेतून गेला आहे. म्हणाला, दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं जुळवून बघतात. बायको पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते? सकाळी काय पिते? चपलेचा नंबर काय?

मी लगेच लिहून काढलं. बाजू: भिंतीकडची (बहुधा). सकाळी: कॉफी. चपलेचा नंबर: लहान.

खात्री करायला जोवेलिनला फोन. म्हणाली, कॉफी सोडून दोन वर्षं झाली तिला, पित्त होतं. आल्याचं गरम पाणी पिते. रोज सकाळी तिच्यासमोरच बसायचात ना, कुया? मी म्हटलं, बसायचो. पण टीव्ही तिच्या डोक्याच्या वर आहे.

तेवढ्यात फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१९ मार्च
इमिग्रेशनकडून आणखी एक पाकीट. आठवणपत्र असणार. फोडलं नाही. सरकारी कागद जसा आला तसा दाखवलेला बरा. फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

२१ मार्च
आल्याचं पाणी करून बघितलं. घसा जळतो. हे ती दोन वर्षं माझ्यासमोर पीत होती.

२४ मार्च, रविवार
जोवेलिन खोकं न्यायला आली, नवऱ्यालाही घेऊन. मी म्हटलं, मिंडा येऊन भरेल की. म्हणाली, राहिलेलं आम्हीच भरतो, तिने यादी दिली आहे. यादीत तिची शिलाईची कात्री, प्रमाणपत्रांची फाइल, कामावरचे पांढरे बूट. सासूबाईंना पांढरे बूट कशाला, ते विचारलं नाही. बुटाच्या तळाला नंबर दिसला, साडेपाच. टिपून घेतला.

मी माझ्याकडून चॉकलेटं आणि डबाबंद मांस घातलं. चिकटपट्टी लावताना घेणाऱ्याचं नाव वाचलं: ल्युझविमिंडा मागबानुआ. म्हणजे मिंडाच. मी म्हटलं, अगं, चुकलंय. जोवेलिन पट्टी दाबत राहिली. म्हणाली, चुकलं नाही, कुया.

नंतर विचार केला, बरोबर आहे. सासूबाईंचा हात थरथरतो, सही जमत नाही. मुलीच्या नावावर खोकं असलं की घरात आणून देत असतील.

पाठवणाऱ्याच्या जागी मी आग्रहाने माझं नाव आणि फोन घातला. पावती फाइलला लावली. दोघांची नावं एका कागदावर. उत्तम पुरावा.

कोपरा मोकळा दिसतो. तिथे रोप ठेवायचं.

८ एप्रिल
तयारी पूर्ण. खिडकीकडची बाजू. आल्याचं पाणी. साडेपाच. वांग्याची भाजी आवडत नाही, मला आवडते म्हणून करायची. वडिलांच्या स्मृतिदिनाला मेणबत्ती लावते, फेब्रुवारीत. मला वाटायचं वीज गेली. जोवेलिनने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, कुया, उद्या जाऊ नका. मी म्हटलं, मी नाही गेलो तर तिचं कार्ड कसं होईल?

९ एप्रिल, ८.४०
पोचलो. शेजारच्या खुर्चीवर फाइल ठेवून जागा धरली आहे.

९.३५
पुलावर गर्दी असते या वेळेला.

१२.१०, ट्रकमध्ये
अधिकारी बाई वयस्क होत्या, माझ्या मावशीसारख्या. म्हणाल्या, मिस्टर मागबानुआ, आज मुलाखत नाही. तुमच्या पत्नीने अर्ज लेखी मागे घेतला आहे. तुम्हाला कळवलं होतं. त्यांनी माझ्याच फाइलमधलं वरचं पाकीट उचललं, फोडलं आणि वाचून दाखवलं. त्या मायदेशी परत जात आहेत, असं त्यांनी लिहिलंय, म्हणाल्या.

मी म्हटलं, माझ्या सहीशिवाय तिला इथे राहता येत नाही. म्हणाल्या, बरोबर आहे.

मी म्हटलं, निदान मला प्रश्न तरी विचारा. पाठ केलंय सगळं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग विचारलं, पत्नी सकाळी काय पिते?

मी सांगितलं.

बरोबर असेल, म्हणाल्या. जुळवून बघायला दुसऱ्या खोलीत कोणी नव्हतं.

३ जून
जहाजवाल्यांचा फोन आला. खोकं इलोइलोला पोचलं, उद्या घरी नेऊन देतील. घ्यायला कोणी आहे का, विचारत होते.

म्हटलं, माझी बायको आहे. घरीच असते.