नारपोलीतून माहुली दिसली होती

प्रिय लडकू,

खटक-खट, खटक-खट! आठवतो का आपल्या वर्गामागचा कापडाचा लूम? त्याच्या ठेक्यावर आपल्या कविता इतक्या पाठ झाल्या की गुरुजी म्हणायचे, लूम बंद पडला तर तुमची तोंडंही बंद पडतील. (पडलीच असती.) तुला नि चंद्रावहिनींना रामराम. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत.

परवा फोनवर तू पुन्हा म्हणालास, "केसरी, नारपोलीतून माहुली दिसते? थापाड्या!" लडक्या, दिसली होती. लॉकडाऊनमध्ये लूम थांबले, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगची धुराडी थंडावली, मानकोलीच्या गोदामांचे ट्रक झोपले आणि आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. गच्चीवर गेलो, तर समोर सुळक्यांसकट माहुली! (शाळेत 'निळे डोंगर' घोकताना मला वाटायचं, कवींना निळी शाई स्वस्त मिळत असावी.) मी खड्या आवाजात कविताच म्हणू लागलो. ती ऐकून गस्तीवरचा हवालदार काठी उगारून वर आला, समोर बघितलं आणि काठी खाली घेऊन म्हणाला, "काका, हा डोंगर इथं कधी आला?" म्हटलं, "तो केव्हाचा ड्युटीवर आहे साहेब, आपणच उशिरा आलो."

आमच्या हिचे, पार्वतीचे, गच्चीवर वाळत घातलेले पापड तर संध्याकाळीही पांढरेच. (एरवी मिरी न घालताही त्यांत मिरी दिसते.) दम्यामुळं उशांना टेकून बसल्या बसल्या झोपणारी ती बाई त्या दिवसांत आडवी झाली आणि चक्क घोरली. इतकं सुरेल काव्य मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

आता सगळं पुन्हा सुरू झालंय, ते बरंच. लूमवरच आमची घरं उभी राहिली. माहुली तेवढी रजेवर आहे. पण एकदा दिसलेला डोंगर कुठं जात नाही, ही माझी खात्री. आमचं उत्तम चाललंय, कशाची म्हणून गरज नाही.

तुझा
केसरीनाथ

ता. क. : पार्वतीच्या उशा पुन्हा तीन झाल्यात.

ता. क. दुसरा : पूर्णा गावातल्या जागेवर गोदाम उभं राहिल्यावर तू अंबाडी गावापुढं शेतावर घर बांधलंस, त्याची वरची खोली रिकामी आहे ना? दिवाळीपर्यंत तिला ठेवून घेशील? (आणि मला. मी जागा कमी घेतो, कविता मात्र मोठ्यानं म्हणतो.) तिला यातलं काही सांगू नकोस, कुणाकडं काही मागितलेलं तिला खपत नाही.

ता. क. तिसरा : थांब, बेल वाजली. लडक्या, दारात तुझीच बायको! पार्वतीला न्यायला खाली गाडी उभी! दोघींचं फोनवर कधीच ठरलं होतं म्हणे. सकाळपासून दाराशी भरलेली पिशवी मी धुण्याची समजत होतो. मी घाईनं चपला शोधायला लागलो, तर वहिनी म्हणतात, "भावजी, तुमचं काय ठरलेलं न्हाय. तुमी बसा गच्चीवर, माहुली दिसली का फोन करा."