नावाचा रकाना

९ नोव्हेंबर

प्रिय टकळीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा काही ना काही घरी विसरून आला होता. तुझा खोकला कसा आहे? दिवसभर एसीत बसून लिहितेस, मग खोकला कसला जातोय.

मी तीस तारखेला निवृत्त होते. चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीची एकच खिडकी, एकच खुर्ची, फक्त खुर्चीची गादी दोनदा बदलली. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलंय म्हणे. जन्मभर घड्याळाकडे बघत बसलेल्या बाईला घड्याळ! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे. असो.

पाकिटात एक अर्ज ठेवलाय. त्यावर तुझी सही मला तीस तारखेच्या आत हवी आहे, कारण त्यानंतर रजिस्टरला हात लावायचा मला अधिकार नाही. सही कशावर करायची ते सांगतेच. पण तू गोष्टीचा शेवट आधी वाचणारी, म्हणून बजावते, हे सगळं वाचल्याशिवाय तो कागद उघडू नकोस.

तुझ्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा फाडलं. तू लिहितेस की तुझी ती मालिका पुन्हा नव्याने करायचं ठरतंय. घर तेच, माणसं तीच, फक्त नायिकेचं नाव बदलायचंय. आधीचं नाव आता जुनाट वाटतं आणि शिवाय बदनामही झालंय, असं वरच्या लोकांचं म्हणणं. आणि मग तू लिहितेस, "ताई, तू दिवसभर नावांतच बसलेली असतेस. एखादं छानसं, कुणी न ऐकलेलं नाव सुचव ना." पुढे हसरा चेहरा काढला आहेस.

तो हसरा चेहरा मी बराच वेळ बघत बसले होते.

ते जुनं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे, आणि माझ्या हाताने ते इतक्यांदा परक्या पोरींच्या नोंदीत लिहिलंय की आता पेन उचलत नाही.

नाव कुठून आलं ते मात्र सांगते. एकवीस वर्षं तू मुलाखतींतून सांगतेस, "सहज सुचलं, गॅलरीत बसले होते." अर्थही सांगतेस, "पहाटेची पहिली झुळूक." तो अर्थ पुढे नावांच्या पुस्तकांत छापून आला. माझ्या खिडकीशी येऊन नवे आईबाप मलाच तो ऐकवायचे, "मॅडम, अर्थ माहितीये का?" मी मान डोलवायचे. अर्थबिर्थ काही नव्हता गं त्याला. आईलाही माहीत नव्हता.

आई शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावायची तेव्हा तिच्या शेजारच्या मशीनवर काजं करणारी एक बाई होती. नाव तिचं. तिला ते मिळालं होतं तिच्या आईचं बाळंतपण करणाऱ्या सुईणीकडून. मूल आडवं होतं, घरच्यांनी आशा सोडली होती, तरी सुईणीने दोघींना वाचवलं आणि म्हणाली, मला दुसरं काही नको, पोरीला माझं नाव द्या. सुईण कुठल्या मुलखातून आलेली, हे कुणी विचारलंच नाही. माझ्या वेळी आईला शेवटचे तीन महिने बसवत नसे, तेव्हा ही काजंवाली आपलं काम उरकून आईच्या निम्म्या कॉलरी लावायची. कारखान्यात कुणाला कळू दिलं नाही. आईला माझं नाव तिच्यावरून ठेवायचं होतं. पण बाबांकडच्यांनी नाक मुरडलं, "असलं कसलं नाव? ऐकलंय का कधी कुणी?" मग मला असं नाव मिळालं, की वर्गात बाईंनी हाक मारली तर तिघी उभ्या राहायच्या.

म्हणून ते नाव आईने सत्तावीस वर्षं सांभाळून ठेवलं आणि माझ्या मुलीला दिलं.

लिहिलं बघ. "माझ्या मुलीला." एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी कुठल्याही कागदावर लिहिले नव्हते.

दवाखान्यातली ती खोली तुला आठवत असणारच. तू एकोणीस वर्षांची होतीस, कॉलेज बुडवून आली होतीस. खिडकीचं तावदान लागत नव्हतं म्हणून त्यात तू तुझी वही खुपसली होतीस. आईने तिच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, आणि मोठ्याने पहिली हाक तू मारलीस. मी नाही, आईनेही नाही. तू. मारलीस आणि म्हणालीस, "ताई, काय नाव आहे गं! गोष्टीतलं वाटतं." मला इतका अभिमान वाटला होता त्या क्षणी. तुझाही वाटला होता.

नऊ दिवस. तुझे भाऊजी तेव्हा म्हणाले, "नाव अजून कागदावर नाही ना, मग राहू दे. विसरायला सोपं जाईल." त्यांना गेलं ते. मला नाही.

तिच्या जन्माची नोंद माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने केली होती. आमच्याकडे रीत अशी की जन्म आधी नोंदवायचा आणि नावाचा रकाना रिकामा सोडायचा. आईबाप पुढे सवडीने येतात आणि नाव घालून जातात. मृत्यूची नोंद मात्र कुणी केलीच नव्हती. महिन्याने मी रजेवरून परत आले तेव्हा कागद माझ्या टेबलावर तसाच होता, वर पेपरवेट. धीर झाला नव्हता कुणाचा. मी रजिस्टर उघडलं. नाव लिहायला पेन टेकवलं आणि मला नियम आठवला. जन्माच्या नोंदीत नाव नसेल तर मृत्यूच्या नोंदीत घालता येत नाही, दोन्ही जुळायला हव्यात. मी नियम पाळला. लिहिलं, "स्त्री, वय नऊ दिवस." पान उलटून जन्माची नोंद काढायची, तिथे आधी नाव घालायचं आणि मग इथे, इतकं सोपं होतं. सुचलं नाही. लोकांना रोज तेच तर समजावून सांगत होते मी.

आणि दहा वर्षांनी आमच्या कँटीनच्या टीव्हीवर एक सासू जिन्याखालून माझ्या मुलीच्या नावाने ओरडली.

तुला मी त्याच दुपारी फोन केला होता. तू म्हणालीस, "ताई, तुला बरं वाटेल असं वाटलं गं. कुणीतरी रोज तिला हाक मारेल." मी म्हटलं, छान आहे मालिका. फोन ठेवला. चूक झाली माझी. तेव्हाच तुझ्यावर ओरडायला हवं होतं. तू चांगल्या मनाने केलंस हे तेव्हा मी मानलं, आजही मानते. पण त्यानंतर पहिल्याच मुलाखतीत कुणीतरी नावाबद्दल विचारलं, आणि तू म्हणालीस, "सहज सुचलं." तिथे तू माझ्या मनातून उतरलीस. त्यानंतर दर वर्षी मी तुला वाढदिवसाचं पत्र लिहीत आले, तेही खरं. मी तशीच आहे, पोटात एक आणि ओठात एक.

मालिकेच्या आधी ते नाव मी आमच्या एकाही रजिस्टरात पाहिलं नव्हतं, अगदी जुन्या, वाळवी लागलेल्यांतही नाही. पहिल्या वर्षी तीन मुली आल्या. दुसऱ्या वर्षी एकेचाळीस. तिसऱ्या वर्षी दोनशे बारा. टेबलावरच्या कॅलेंडरच्या पाठी मी रेघा मारायचे. कुणी शेवटचं अक्षर दीर्घ करून आणायचं, कुणी जुळ्या मुलींना अर्धं अर्धं वाटून द्यायचं. रांगेतल्या एका बाईने दुसरीशी भांडण काढलं होतं, की हे नाव आम्ही आधी ठरवलंय. मला हसू आलं होतं. मग स्वच्छतागृहात जाऊन रडले.

आता माझं ऐक. मी लोकांना परावृत्त करायला लागले. खोटंच सांगायचे, "अहो, या नावाच्या मुली आजारी पडतात असं म्हणतात." काही घाबरून दुसरं नाव द्यायचे. आणि एकदा याहून वाईट केलं. एक बाप ते नाव लिहिलेला अर्ज माझ्याकडे देऊन घाईत निघून गेला. त्या दिवसातला सातवा अर्ज होता तो. मी रजिस्टरात ते नाव घातलंच नाही. दुसरंच घातलं, मनात आलं ते, साधंसं. अर्ज फाडला. दाखला न्यायला कुणी आलंच नाही. तेव्हा शाळेत दवाखान्याची चिठ्ठी चालायची.

मग तू नायिकेला सासूच्या दुधात विष कालवायला लावलंस. का ते तुलाच माहीत. लोक खिळून बसले म्हणतात. माझ्या रेघा मात्र पुढच्या वर्षी नऊ झाल्या, मग एक, मग काहीच नाही. उलट लोक नाव बदलून घ्यायला येऊ लागले. गेली बारा वर्षं एकही मुलगी नाही. मला वाटलं होतं, आता तरी ते परत माझं होईल. तसं काही होत नाही.

मागच्या महिन्यात त्या फाडलेल्या अर्जातली मुलगी आली. अठरा वर्षांची, पाठीला सॅक, कानात वायरी. नोकरीच्या अर्जाला जन्माचा दाखला हवा होता. मी रजिस्टर उघडलं आणि माझं अक्षर पाहिलं. शाळेच्या दाखल्यावर ते नाव, आमच्याकडे हे. मला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार, साहेबांकडे जाणार. निवृत्तीला महिना उरलेला.

तिने वाचलं आणि ती चक्क हसली. "म्हणजे माझं खरं नाव हे आहे?"

मी म्हटलं, "नोंद चुकलीये. सुधारून देते."

"नको नको! काकू, तुम्हाला माहितीये मी शाळा कशी काढलीये? डबा उघडला की सगळे ओरडायचे, हिच्या हातचं खाऊ नका रे. सर पण हसायचे. दूधवालीच म्हणायचे मला. आता शाळेचे कागदच बदलते मी."

मी सुटले होते. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ते नाव घेऊन वाढलेली तेवढी एकच माझ्यासमोर उभी होती आणि तीही नाव टाकून चालली होती. मी तिचा हात धरला. खिडकीतून बाहेर वाकून धरला, रांग बघत होती. म्हटलं, "चुकून नाही झालं, मी मुद्दाम केलंय. माझ्यावर तक्रार कर. पण ते नाव ठेव गं. माझ्या मुलीचं होतं."

कानातल्या वायरी काढल्या तिने. "कुठे असते ती?"

"नाही आता."

"सॉरी, काकू," ती म्हणाली. "खरंच सॉरी. पण मी नाही हो फिरणार ते घेऊन." आणि हात हळूच सोडवून घेतला.

तिचं काय चुकलं? मीच तिला दाखला लिहून दिला, शिक्का मारला.

तर आता अर्ज उघड. नाव उशिरा घालण्याचा अर्ज आहे. मूल हयात नसलं तरी घालता येतं, नियम मी तीनदा वाचलाय. फक्त जन्माच्या वेळी हजर असलेल्या आणि नाव कानांनी ऐकलेल्या नातेवाइकाचं निवेदन लागतं. आई गेली. तुझे भाऊजी गेले. त्या खोलीत ते नाव ऐकलेली माणसं जगात आता दोनच आहेत, आणि त्यांतली एक अर्जदार. निवेदनाचा मजकूर मी टाइप केलाय. रिकाम्या जागी नाव तू तुझ्या हाताने घालायचं आणि खाली सही करायची. मुलाखतीत सांग असं मी म्हणत नाही. एका रजिस्टरात, एका ओळीत, तेही कुणी कधी उघडणार नाही अशा पानावर.

नवं नाव मी सुचवत नाही. माझ्याकडे एकच होतं.

आणि तुझी सही एकोणतीस तारखेच्या टपालापर्यंत आली नाही, तर ती मी करीन. तुझी सही मला येते. कॉलेजच्या फॉर्मसाठी ती तुला मीच बसवून दिली होती, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. नोकरीत एक खोटी नोंद मी केलेलीच आहे. खोट्या सहीने एक खरी नोंद झाली तर होऊ दे. मग तू माझ्यावर खुशाल तक्रार कर. आमच्याकडे तक्रार लेखी लागते, आणि कोणाच्या नावाची नोंद ते तीत स्पष्ट लिहावं लागतं. तेव्हा तरी तुला लिहावं लागेल, ते नाव आणि त्याच्यापुढे, "माझ्या बहिणीची मुलगी."

खोकल्याला जप.

तुझी, अजून तरी,
ताई